तिखटाचा अंदाज

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते, हे पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्याला निराळे सांगायला नको. त्या दिवशी रेक्टरांची नजर चुकवून खोलीत शेगडी पेटते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी ठेच्याचे काम मी अंगावर घेतले. मी सातारकडचा, भाकरी-ठेच्यावर वाढलेला. तेव्हा यातले आपल्याला सारे कळते असा माझा समज. खोलीतल्या आसामच्या मित्राने गावाहून वाळलेल्या लाल मिरच्या आणल्या होत्या. नाव भूत जोलोकिया. ‘एक तुकडा पुरे,’ असे त्याने दोनदा बजावले. आई ठेच्याला दहा मिरच्या घेते. मी चारच घेतल्या. केवढा हा संयम!

पुढचे वर्णन करीत नाही. बाकीच्यांनी पहिल्याच घासाला मला शिव्या घालून ताटे सारली. पण प्रथम वर्षाचा एक मुलगा पाहुणा म्हणून आला होता. त्याच्या घरी आमटीत गूळ पडतो. तो संकोचाने काही न बोलता खात राहिला आणि ती रात्र त्याने पोट धरून काढली. शिव्या मी विसरलो. त्याचे गप्प बसणे विसरलो नाही. म्हणून हा खटाटोप.

माझी पहिली चूक म्हणजे मी मिरच्या मोजल्या, तिखट मोजले नाही. आईचा अंदाज चुकत नाही, कारण तिची मिरची ठरलेली असते. मिरची बदलली की तो अंदाज बाद. ब्याडगी रंगाला चढी, तिखटाला बेताची. लवंगी दिसायला एवढीशी, पण डोळ्यांतून पाणी काढणारी. जोलोकिया तर या पंक्तीतलीच नव्हे. अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 मध्ये तिखट मोजण्याची एक युक्ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत जायचे आणि चाखणाऱ्यांना तो तिखट लागेनासा झाला की थांबायचे. जितके पातळ करावे लागेल तितका तिचा आकडा. 2007 मध्ये जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस बुकात जोलोकियाची नोंद झाली, तेव्हा तिचा आकडा दहा लाखांवर होता!

दुसरे असे, की तिखट ही खरे तर चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंच्या ज्या ग्राहकाला चेतवते, तोच सुमारे 43 अंशांपुढच्या उष्णतेनेही चेततो. म्हणून जीभ ‘भाजते’. डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये हा ग्राहक शोधला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे द्रव्य बियांत असते असे आपण समजतो. पण त्याचे मुख्य ठाणे बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत असते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. त्या रात्री आम्ही तांब्याने पाणी प्यालो ते व्यर्थ गेले. दूध किंवा दही हवे होते.

याच गुणाचा उपयोग करून आता मी अंदाज बांधतो. आधी जाड पोपटी मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि मीठ यांचा सौम्य ठेचा करायचा. एक जोलोकिया वेगळी कुटून दहा चमचे तेलात मंद आचेवर कोमट करायची. खिडकी उघडी हवी, नाहीतर ठसका लागतो. आणि ते हात डोळ्यांना लावायचे नाहीत. मग तेल ढवळून अर्धा चमचा ठेच्यात घालायचे. म्हणजे साधारण मिरचीचा विसावा हिस्सा पडला. आता भाकरीच्या तुकड्याबरोबर चाखून पाच मिनिटे थांबायचे, कारण या मिरचीचा जाळ मागाहून चढतो. मगच पुढचा अर्धा चमचा. तिखट घालता येते, काढता येत नाही. जास्त झालेच तर दाणे किंवा दही घालून ते पसरवायचे, इतकेच आपल्या हाती.

चाखणारा मात्र करणारा नसावा. चारदा चाखले की जीभ बधिर होते आणि तिखट कमीच वाटू लागते. मंडळींत सर्वांत सौम्य खाणारा जो असेल, त्यालाच आधी विचारावे. तो आपण होऊन सांगणार नाही.

हे शहाणपण नवे नाही. आपल्या पुण्यातले मिसळवाले रस्सा वेगळ्या वाटीत देतात. ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे ओतून घ्यावा. परवाच्या रविवारी मीही तसेच केले. ठेचा मध्ये, तिखट तेलाची वाटी बाजूला. तो प्रथम वर्षाचा मुलगा आला होता. वाटीला त्याने हात लावला नाही. पण भाकऱ्या तीन खाल्ल्या.