दुधाची टाकी, द्राक्षाचा रस
स्टेनलेस स्टीलच्या जुन्या पात्रांतून किण्वनपात्र घडवण्याचे शास्त्र आणि त्याच्या मर्यादा

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात तीन उद्योगांच्या वाटा एकत्र येतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानाच्या माळावर १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. भिलवडी येथे १९३९ मध्ये सुरू झालेला चितळे यांचा दुग्धव्यवसाय येथेच वाढला. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, तेव्हा वाइन उद्यानासाठी नाशिक जिल्ह्यातील विंचूरबरोबर पलूसचीच निवड झाली. यंत्रशाळा, दूध आणि द्राक्ष या तिन्हींना जोडणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे स्टेनलेस स्टीलची टाकी.

दूध संकलन केंद्रांतून बाद झालेल्या टाक्या व कॅन सातारा आणि सांगली या दुधाच्या पट्ट्यात दुर्मीळ नाहीत. पाश्चात्त्य देशांत घरगुती मद्यनिर्मितीचा छंद जोपासणाऱ्यांनी अशाच टाकाऊ पात्रांचा उपयोग करून घेतला. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट रद्द झाली आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने या छंदाला केंद्रीय मान्यता मिळाली. त्यानंतर बिअरची जुनी पिंपे आणि उपाहारगृहांना शीतपेयांचा पाक पोचवणारी सुमारे १९ लिटरची पिंपे किण्वनासाठी वापरली जाऊ लागली. हेच आपल्याकडे करता येईल काय, या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. धातू व यंत्रशास्त्राचे उत्तर ‘होय, पण विचारपूर्वक’ असे आहे. कायद्याचे उत्तर ‘परवान्याशिवाय नाही’ असे आहे. दोन्ही उत्तरे नीट समजून घेण्याजोगी आहेत.

सर्व स्टील सारखे नसते

स्टेनलेस स्टील गंजत नाही याचे श्रेय त्यातील क्रोमियमला आहे. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार करते. ओरखडा उठला तरी हा पापुद्रा पुन्हा धरतो. दुग्धव्यवसायात प्रामुख्याने वापरले जाणारे ३०४ प्रतीचे स्टील म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल. ३१६ प्रतीत त्याखेरीज दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते व ती आम्ल आणि क्षार अधिक सोसते. स्वस्त भांड्यांत मात्र बहुधा २०० मालिकेचे स्टील असते. त्यात महागड्या निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो आणि आम्लयुक्त रसापुढे ते लवकर हार मानते.

लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, हा बाजारातील समज फसवा आहे. २०० मालिकेलाही चुंबक सहसा चिकटत नाही. मँगनीज ओळखणारे परीक्षण द्रव मिळतात. त्यांचा एक थेंब किंवा धातूचे पृथक्करण करणारे हातातील उपकरण याचा निर्णय देते. दुधाचे जुने कॅन अनेकदा ॲल्युमिनियमचे असतात. द्राक्षरसासारख्या आम्ल द्रवासाठी ते सर्वथा वर्ज्य. पूर्वी रसायने साठवलेले पिंप कितीही चकचकीत दिसले तरी अन्नासाठी वापरू नये, हे तर सांगावयासही नको.

पितळी तोट्या, जस्ताचा मुलामा दिलेले नळ आणि शिशाचे डाग यांनाही रसाच्या मार्गात स्थान नाही. रसाला जे जे स्पर्श करते ते सर्व त्याच प्रतीच्या स्टीलचे किंवा अन्नासाठी योग्य अशा सिलिकॉनचे असावे लागते.

किण्वनात काय घडते

यीस्ट साखरेचे रूपांतर मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत करते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धांततः ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो. शंभर लिटर द्राक्षरसात वीस किलो साखर धरली, तर जवळजवळ पावणेदहा किलो वायू, म्हणजे सामान्य तापमानाला पाच हजार लिटरांहून अधिक आकारमान बाहेर पडते. रसाच्या पन्नासपट वायूला वाट देणे हे किण्वनपात्राचे पहिले काम आहे आणि दुधाच्या टाकीला ते कधी करावेच लागलेले नाही.

दुधाची टाकी दाबासाठी घडवलेली नसते. एक मीटर व्यासाच्या सपाट झाकणाखाली दशांश बार एवढा किरकोळ वाटणारा दाब साठला, तरी झाकणावर सुमारे आठशे किलोचा भार येतो. म्हणून झाकणास रुंद वायुमार्ग आणि पाण्याचा सापळा हवा, तसेच सालींनी व फेसाने तो तुंबल्यास आपोआप उघडणारी सुरक्षा झडप हवी. फेसासाठी पात्राचा पाचवा ते चौथा हिस्सा रिकामा ठेवला जातो. उलट धोकाही तितकाच खरा आहे. गरम पाण्याने धुतलेली टाकी झाकणे बंद असताना एकदम गार पाण्याने भिजवली, तर आतील वाफ आक्रसते, निर्वात पोकळी होते आणि पातळ पत्र्याची टाकी आत चेपते.

सर्वांत गंभीर धोका टाकीच्या बाहेर असतो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने खोलगट जागी, तळघरात आणि रिकाम्या टाकीच्या तळाशी साचतो. तो रंगहीन आहे. टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊ शकतो आणि त्याला वाचवण्यासाठी धावलेला दुसराही त्याच्यामागे कोसळतो. जुन्या विहिरीत उतरताना दिवा विझतो हे ग्रामीण भागाला ठाऊक आहे. धोका त्याच जातीचा आहे. मात्र दिव्याच्या कसोटीवर भिसत न ठेवता टाकीत हवा खेळवावी, प्राणवायू उपकरणाने मोजावा आणि बाहेर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कोणीही आत उतरू नये. बंद खोलीत किण्वन करण्याचा मोह याच कारणाने टाळला पाहिजे.

उष्णता आणि गारवा

किण्वनात उष्णताही निर्माण होते. वीस टक्के साखरेच्या रसातील सारी उष्णता आतच कोंडली, तर त्याचे तापमान सुमारे पंचवीस अंशांनी वाढेल. पांढऱ्या वाइनसाठी १२ ते १८ अंश सेल्सिअस योग्य मानले जाते, तर तांबड्या वाइनसाठी २२ ते ३०. पस्तिशीच्या पुढे यीस्ट दमते आणि किण्वन अर्ध्यावर अडकते. सांगली भागातील द्राक्षांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे शीतकरणाचे महत्त्व कळते.

येथेच दुधाच्या शीतकरण टाकीची उपयुक्तता दिसते. बल्क मिल्क कूलर म्हणून परिचित असलेली ही टाकी दूध चार अंशांपर्यंत थंड करते व तिच्याभोवती उष्णतारोधक थर असतो. नियंत्रकाची मर्यादा चार अंशांऐवजी पंधरा-अठरा अंशांवर आणता आली, तर निम्मे काम झाले. पण त्यातही मेख आहे. अशा टाकीत गारवा देणारे मार्ग बहुधा तळाच्या दुहेरी पत्र्यात असतात. नवी तोटी बसवण्यासाठी तेथे भोक पाडले किंवा जोडकाम केले, तर शीतकारक वायूचा मार्गच फुटतो. म्हणून फेरबदल झाकणात किंवा मुळातच असलेल्या निर्गम द्वारातच करणे शहाणपणाचे.

तळाचा आकार हा दुसरा अडसर. व्यावसायिक किण्वनपात्रांचा तळ शंकूसारखा असतो, कारण मृत यीस्ट व गाळ त्यात उतरून वेगळा काढता येतो. या शंकूकार पात्राची कल्पना विसाव्या शतकाच्या प्रारंभी लिओपोल्ड नाथन यांनी मांडली. दुधाच्या टाकीचा तळ जवळजवळ सपाट असल्याने गाळ पसरून राहतो व रस वरून काढून घ्यावा लागतो. शिवाय किण्वन संपताच वाइनला हवेपासून जपावे लागते. अर्धी भरलेली टाकी म्हणजे शिरक्याला निमंत्रण. रसाच्या पातळीबरोबर खाली-वर होणारे तरते झाकण त्यासाठीच वापरतात.

जोड आणि स्वच्छता

नव्या जोडाची कसोटी आतल्या बाजूला लागते. आर्गॉन वायूच्या आवरणाखाली जोडकाम करताना पत्र्याच्या मागील बाजूसही आर्गॉन सोडला नाही, तर जोड काळवंडतो, खडबडीत होतो आणि क्रोमियमचे संरक्षक आवरण तेथे दुबळे पडते. अशा खाचेत जंतू तळ ठोकतात. दुधाच्या जुन्या टाकीत आधीपासूनच दुग्धपाषाण, म्हणजे प्रथिने व कॅल्शियम यांचा कठीण थर असतो. कॉस्टिक सोड्याचे सौम्य, गरम द्रावण स्निग्धांश व प्रथिने सोडवते; खनिज थरासाठी नंतर आम्लाची धुलाई लागते. ही दोन द्रावणे कधीही एकत्र करू नयेत आणि हातमोजे व चष्मा यांना पर्याय नाही. ब्लीचिंग पावडर स्वस्त असली तरी तिच्यातील क्लोराइड स्टीलला सूक्ष्म छिद्रे पाडते. वाइन टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गंधकयुक्त क्षारांची वाफ टाकीच्या वरच्या रिकाम्या भागात ३०४ स्टीलला हळूहळू खाते. म्हणून चांगल्या वायनऱ्या तो भाग ३१६ चा घेतात.

कायद्याची चौकट

ही सारी माहिती परवानाधारक उद्योगाच्या कामाची आहे, छंद म्हणून घरी मद्य गाळू पाहणाऱ्याच्या नव्हे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जाणारा हा कायदा, परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई करतो. पाश्चात्त्य देशांप्रमाणे घरगुती वापरासाठी अमुक लिटरची सवलत त्यात नाही. त्याच्या कलम ६५ अन्वये केवळ मद्यच नव्हे, तर ते तयार करण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी वा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा आहे. तीच टाकी दुधासाठी निर्दोष आणि विनापरवाना किण्वनासाठी मुद्देमाल ठरते. फरक धातूत नसून हेतूत आहे.

कायदेशीर वाटा मात्र आहेत. २००१ च्या धोरणाने द्राक्ष उत्पादकांना वायनरीची वाट मोकळी केली, तर पुण्यात २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी सुरू झाली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले. फळ आणि मध यांना मूल्यवृद्धीची आस असलेल्या सातारा जिल्ह्यालाही किण्वनाचे शास्त्र परके राहणारे नाही. पण २००८-०९ च्या मंदीनंतर राज्यातील अनेक लहान वायनऱ्यांना जो फटका बसला, त्याने एक गोष्ट शिकवली आहे. टाक्यांत अडकवलेले भांडवल बाजार कोसळला की परत काढता येत नाही.

जुन्या टाकीचे खरे मोल येथे आहे. परवाना हाती असलेल्या लहान उद्योजकाला शे-दोनशे लिटरच्या प्रायोगिक घाण्यासाठी नवे, महागडे पात्र घेण्याऐवजी नीट तपासलेले जुने पात्र वापरता येते आणि जोखीम आटोक्यात राहते. क्रम मात्र बदलता कामा नये. आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, मग धातूची परीक्षा, मग वायूची वाट आणि शेवटी रस.