नळीतली पातळ रेघ

गोटमारीला पांढुर्ण्यात डोकी फुटतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव आणि मधे दगडफेक. दगड लागतो, रक्त वाहतं आणि किरकोळ जखम असली तर थोड्या वेळाने थांबतंही. ते थांबवणाऱ्या प्लेटलेटचे आकडे डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी तोंडपाठ होतात. पण त्यांचं काम तिथे संपत नाही. त्यांच्यातून वाढीला चालना देणारी प्रथिनं बाहेर पडतात आणि जखम भरू लागते. पीआरपीची, म्हणजे प्लेटलेट दाटवलेल्या रक्तद्रवाची (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) युक्ती एवढीच, की वाढीचा हा निरोप केसांच्या मुळांपर्यंत मुद्दाम सुईने पोचवायचा.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, शेजारचं सौसरही त्यात आलं. तरी असल्या कामासाठी पाय शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरकडेच वळतात. तिथल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे मी नात्यातल्या एका संत्राबागायतदार पोराबरोबर गेलो होतो. त्याचं लग्न ठरत होतं आणि कपाळ मागे सरकत होतं.

आधी फोटो काढले. तीच खुर्ची, तोच उजेड, तोच भांग. पुढे तुलना करायची तर हे लागतंच. दंडातून वीसेक मिलिलीटर रक्त घेतलं. रक्त गोठू नये म्हणून नळ्यांत सायट्रेटचं द्रावण आधीच होतं. मशीनमध्ये समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या लागतात, नाहीतर ते थरथरतं. म्हणून तंत्रज्ञ बाईंनी त्या तोलून लावल्या.

पहिली फिरकी सावकाश. नळी बाहेर आली तेव्हा खाली लाल पेशी, वर फिकट पिवळा द्रव आणि मधे दह्याच्या सायीएवढी पातळ पांढुरकी रेघ. बाईंनी पिवळा द्रव रेघेपर्यंत अलगद ओढून दुसऱ्या नळीत घेतला. दुसरी फिरकी जोरात. आता प्लेटलेट तळाशी बसल्या. वरचा बराचसा द्रव काढून टाकला, उरलेल्यात तळ हलवून मिसळला. एवढ्या रक्तातून हाती आलं ते दोन-तीन मिलिलीटर.

माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, दर मायक्रोलीटरला. पीआरपीत दहा लाखांच्या आसपास असाव्यात असं मानतात. पण फिरकीचा वेग आणि वेळ सगळीकडे एक नाही. ओढताना हात चुकला तर पैसे प्लेटलेटचे आणि डोक्यात नुसता पिवळा द्रव. म्हणून भिंतीवरच्या ‘आधी-नंतर’च्या चित्रांपेक्षा तयार द्रावणाचे आकडे मोजता का, हे विचारलेलं बरं.

पोराच्या कपाळाच्या कडेने बधिरतेची इंजेक्शनं दिली. ती जास्त झोंबली. मग इन्सुलिनच्या बारीक सुईने बोटभर अंतराने टोचत गेले.

“लग्नाआधी दिसन ना जी फरक?”

“महिन्याच्या अंतराने तीन-चार बैठका. मग बोलू,” डॉक्टर म्हणाले.

केसगळतीवरचं मिनॉक्सिडिल हे औषध बंद करायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. बारीक झालेला केस यातून पुन्हा जाड होऊ शकतो. गुळगुळीत टकलावर नवं पीक येत नाही. टायफॉइड-डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस तर बहुधा आपोआपच परत येतात, त्यांना या सुया कशाला?

पीआरपी केसांपुरतंच नाही. १९९८ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या रोपणासाठी हे द्रावण वापरलं, त्यानंतर त्याचा बोलबाला झाला. चेहऱ्यावर मुरुमांच्या खड्ड्यांसाठीही ते बारीक सुयांच्या यंत्रासोबत वापरतात. ‘आपलंच रक्त, धोका काय?’ असं पार्लरवाले सांगतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये याच पद्धतीच्या फेशियलमधून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं २०२४ मध्ये तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने नोंदवलं. रक्त आपलं असलं तरी सुई आणि नळी आपलीच आहे का, हे बघावंच लागतं. बाईंनी पोराचं नाव नळीवर त्याच्यासमोर लिहिलं होतं आणि सुईचं पाकीटही त्याच्यासमोरच फोडलं होतं.

निघताना त्याला ठणक्यासाठी ब्रुफेन घेऊ नको म्हणून सांगितलं. त्या गोळीने प्लेटलेटच मंदावतात. केस उद्या धुवायचे. बाहेर बसलेल्या त्याच्या काकांनी टोपी काढून डॉक्टरांना आपलं डोकं दाखवलं. डॉक्टर हसून नाही म्हणाले. “वाचले पैसे,” काका म्हणाले आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.