विश्लेषण : एका दांड्यावर दोन पंखे! मोठे रिमोट हेलिकॉप्टर घेताना आणि उडवताना काय पाहाल?

वाढदिवसाला मुलासाठी हातभर लांबीचे रिमोटचे हेलिकॉप्टर येते. खोक्यावर ‘शिकाऊंसाठी सोपे’ असे छापलेले असते. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात सगळे जमतात, हेलिकॉप्टर सरळ वर उठते, टाळ्या पडतात. दुसऱ्या मजल्याच्या वर गेल्यावर मात्र ते हळूहळू बाजूला सरकू लागते. रिमोटवरची काडी कितीही दाबली तरी ते परत येत नाही आणि शेवटी शेजारच्या इमारतीच्या टाकीमागे दिसेनासे होते. अनेक घरांत या खेळण्याचे आयुष्य इतकेच असते. बहुतेक वेळा यात यंत्राचा दोष नसतो. ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे घेण्याआधी कोणी सांगितलेले नसते. ते समजून घेऊ.

‘कोअॅक्सिअल’ म्हणजे नेमके काय?

छताचा पंखा दोरीला मोकळा टांगला आहे अशी कल्पना करा. बटण दाबताच पाती एका दिशेला फिरतील आणि मोटरचा डबा उलट दिशेला गरगरू लागेल. हेलिकॉप्टरचेही तसेच होते. डोक्यावरचा पंखा फिरला की धड उलटे फिरू पाहते. नेहमीच्या हेलिकॉप्टरला शेपटीवर छोटा उभा पंखा असतो, तो हे फिरणे रोखतो.

कोअॅक्सिअल रचनेत एकाच अक्षावर, एकावर एक असे दोन पंखे असतात आणि ते परस्परविरुद्ध फिरतात. एकाचा पीळ दुसरा रद्द करतो, त्यामुळे धड स्थिर राहते. वळायचे असेल तर एका पंख्याचा वेग किंचित वाढतो, दुसऱ्याचा कमी होतो आणि नाक वळते. हे हेलिकॉप्टर शिकाऊ हातात स्थिर राहते, त्याचे कारण हेच.

ही रचना खेळण्यापुरती नाही. भारतीय नौदलाची रशियन बनावटीची कामोव्ह-२८ आणि कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर याच पद्धतीची आहेत. लांब शेपटीची गरज उरत नसल्याने ती युद्धनौकेच्या छोट्या डेकवर सोयीची ठरतात. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेले नासाचे ‘इन्जेन्युइटी’ही कोअॅक्सिअलच होते. वजन १.८ किलो, पंख्यांचा व्यास १.२ मीटर, पहिले उड्डाण ३९ सेकंदांचे. त्याचे मुख्य अभियंता बॉब बलराम हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. पाच उड्डाणांसाठी पाठवलेल्या या यंत्राने ७२ उड्डाणे केली. जानेवारी २०२४ मध्ये उतरताना पाती तुटली आणि प्रवास थांबला. मंगळावर काय किंवा सोसायटीच्या आवारात काय, हेलिकॉप्टरचे दुखणे बहुधा पात्यांपासूनच सुरू होते.

मोठे घ्यावे की छोटे?

तळहाताएवढे हेलिकॉप्टर हॉलमध्ये उडते, भिंतीला आपटले तरी फारसे बिघडत नाही. ६० ते ७५ सेंटीमीटर लांबीचे मॉडेल वेगळे. वजन जास्त असल्याने ते लहानसहान झुळकीने थरथरत नाही, दुरून दिसते आणि नाक कुठे, शेपटी कुठे हे कळते. शिकताना हा मोठा फायदा.

पण मोठेपणाची किंमतही आहे. अर्ध्या मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला १,५०० फेऱ्या घेतो असे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर होतो. प्लास्टिकचे पाते असले तरी त्या वेगाने डोळ्याला लागले तर कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे मोठे मॉडेल ही पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात एकटे द्यायची वस्तू नव्हे. छोटे घेऊन हात बसवा, मग मोठे घ्या. हा क्रम स्वस्त पडतो.

तीन चॅनल की चार?

खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. आणि दुकानात तो फारसा कोणी विचारत नाही.

तीन चॅनलच्या हेलिकॉप्टरला तीनच गोष्टी जमतात : वर-खाली, डावी-उजवीकडे वळणे आणि पुढे-मागे जाणे. पुढे जाण्याचे काम शेपटीवरचा छोटा आडवा पंखा करतो. तो शेपटी उचलतो, नाक झुकते आणि हेलिकॉप्टर पुढे सरकते. मात्र बाजूला सरकणे त्याला येत नाही. डावीकडून वारा आला आणि ते उजवीकडे वाहू लागले, तर आधी नाक वाऱ्याकडे वळवायचे आणि मग पुढे न्यायचे, एवढाच उपाय उरतो. त्या छोट्या पंख्याचा जोरही बेताचा असतो. वारा त्याहून जोरात असेल, तर नाक वाऱ्याकडे असूनही हेलिकॉप्टर मागेच जाते.

चार चॅनलच्या कोअॅक्सिअलमध्ये खालच्या पंख्याच्या मुळाशी एक तिरपी होणारी चकती असते. दोन छोट्या सर्व्हो मोटर ती झुकवतात. त्यामुळे पुढे-मागे आणि डावे-उजवे, दोन्ही दिशांना सरकता येते. शिकायला जरा वेळ लागतो, पण खरे उड्डाण यातच कळते. ‘साडेतीन चॅनल’ अशा जाहिरातीला भुलू नका. त्यातला अर्धा म्हणजे बाजूला सरकण्याची क्षमता नव्हे.

खोके उघडण्यापूर्वी काय तपासाल?

रेडिओ : इन्फ्रारेड रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा असतो. उन्हात तो दगा देतो, पल्लाही थोडा. मोठ्या मॉडेलसाठी २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ रिमोटच घ्या. जुन्या २७ किंवा ४० मेगाहर्ट्झच्या संचांत एकाच फ्रिक्वेन्सीचे दोन रिमोट शेजारी चालू झाले की गोंधळ होतो.

सुटे भाग : पाती, आतला दांडा, मुख्य गिअर, शेपटीची मोटर आणि बॅटरी वेगळी मिळते का, हे आधी विचारा. वरची आणि खालची पाती उलट दिशेला फिरतात, म्हणून त्यांचा आकारही उलटा असतो. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. पात्यांचे दोन जादा संच सोबत घेतले तर सुट्टी वाया जात नाही. मोटर, वायर, कनेक्टर यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने गाठता येतात. पाती आणि गिअर मात्र त्याच मॉडेलचे लागतात.

सांगाडा : धातूचा सांगाडा दिसायला भक्कम, पण वजन वाढवतो. आपटल्यावर तो वाकतो. प्लास्टिक तुटते, पण बदलणे सोपे.

खूण : १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांना भारतात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खोक्यावर ते नसेल तर ते खेळणे मुलासाठी घेऊ नका.

बॅटरीची एवढी काळजी कशासाठी?

या आकाराच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ७.४ व्होल्टची, १,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची लिथियम पॉलिमर बॅटरी असते. ती आठ मिनिटांत संपते, याचा अर्थ सरासरी ११ अँपिअरचा प्रवाह वाहतो. मोबाइलच्या साध्या चार्जरमधून येतो त्याच्या पाच-सहा पट. म्हणून मोटरी आणि बॅटरी दोन्ही तापतात. एक उड्डाण झाले की १० ते १५ मिनिटे विश्रांती द्या. बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावा. सोबत आलेला चार्जर दोन-तीन तास घेतो, ते नेहमीचेच आहे.

या बॅटरीच्या प्रत्येक सेलचा भरलेला दाब ४.२ व्होल्ट. तो तीन व्होल्टच्या खाली गेला की सेल खराब होतो. म्हणून हेलिकॉप्टर जड उठू लागले की लगेच उतरवा, ‘अजून एक फेरी’ नको. महिनाभर उडवायचे नसेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा.

चार्जिंग गादीवर, सोफ्यावर किंवा रात्रभर करू नका. फरशीवर, समोर कोणी जागे असताना करा. बॅटरी फुगली असेल, तिला भोक पडले असेल किंवा गोड वास येत असेल तर ती वापरातून काढा आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्या.

पहिले उड्डाण कसे करावे?

जागा : शाळेचा बंद हॉल सर्वांत उत्तम. तो नसेल तर मोकळे मैदान, सकाळी लवकर. दहा वाजल्यानंतर वारा वाढतो, किनारपट्टीवर दुपारी खारे वारे सुटतात. ताशी दहा किलोमीटरचा वारा आपल्याला सुखद वाटतो. पण त्यात अडकलेले हेलिकॉप्टर दहा सेकंदांत २५ मीटरहून अधिक वाहत जाऊ शकते. झाडाचे पान हलत असेल तर नवशिक्याने त्या दिवशी उडवू नये. संक्रांतीच्या दिवसांत हवेत मांजा असतो, तेव्हाही नको.

तयारी : आधी रिमोट चालू करा, मग हेलिकॉप्टर. बंद करताना उलट. पात्यांचे स्क्रू करकचून आवळू नका. हेलिकॉप्टर आडवे धरले की पाती स्वतःच्या वजनाने किंचित खाली यायला हवीत. घट्ट पाती आपटल्यावर दुमडत नाहीत, सरळ दांडा वाकवतात. वाकलेल्या दांड्याचे लक्षण म्हणजे अंगभर थरथर.

उभे राहणे : हेलिकॉप्टर तीन मीटर पुढे, शेपटी तुमच्याकडे आणि नाक पलीकडे ठेवा. मग तुमचे डावे तेच त्याचे डावे. नाक तुमच्याकडे वळले की डावे-उजवे उलटते आणि नवशिका तिथेच घाबरतो.

उठवणे : वर-खालीची काडी हळूहळू, पण न थांबता वर न्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर पंख्याची हवा खालून उसळते आणि यंत्र डगमगते, तिथे रेंगाळू नका. कमरेएवढ्या उंचीवर आणून ते एका जागी ठेवण्याचा सराव करा. ते आपोआप एका बाजूला फिरत असेल तर ‘ट्रिम’चे बटण एकेक टप्पा दाबून ते थांबवा. पहिल्या तीन बॅटऱ्या एवढ्याच सरावात जाऊ द्या. नंतर पुढे-मागे, मग चौकोन आणि सर्वांत शेवटी नाक आपल्याकडे करून.

संकटात : वस्तू, माणूस किंवा भिंत जवळ आली की काडी शून्यावर. पडले तर पडू द्या. पाती अडकलेली असताना मोटर चालू राहिली तर काही सेकंदांत मोटर किंवा सर्किट जळते. आणि पडणारे हेलिकॉप्टर हाताने झेलण्याचा प्रयत्न कधीही करू नका.

कायदा काय सांगतो?

‘हे तर खेळणे, याला कसला नियम?’ असे वाटणे साहजिक आहे. पण २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेल्या ड्रोन नियमावलीतील व्याख्या चार पंख्यांच्या ड्रोनपुरती नाही. वैमानिकाविना, दुरून चालवले जाणारे कोणतेही विमान तिच्यात येते. बॅटरीसह २५० ग्रॅमपर्यंत वजन असेल तर ‘नॅनो’, त्यापुढे दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’. मोठे कोअॅक्सिअल सहज दुसऱ्या गटात जाऊ शकते, म्हणून स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन करून पाहा. व्यावसायिक वापर नसेल तर या दोन्ही गटांसाठी वैमानिक परवाना लागत नाही. मात्र नोंदणी आणि ओळख क्रमांक ही नियमावलीची सर्वसाधारण अट आहे. त्यामुळे मैदानात नेण्याआधी आपल्या वजनगटाची अट आणि आपला परिसर हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे, हे सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत उडवण्याचा विचारच नको.

मुंबईत पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यांत ड्रोनसोबत रिमोटवर चालणाऱ्या हलक्या विमानांचाही उल्लेख असतो. सण, मोठ्या सभा, महत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे यांच्या काळात स्थानिक पोलीस ठाण्यात एक फोन करून विचारणे शहाणपणाचे.

मग घ्यावे का?

बंद हॉल किंवा शांत मैदान जवळ असेल, सोबत मोठे माणूस थांबणार असेल आणि सुटे भाग मिळत असतील तर जरूर घ्या. केवळ गच्ची किंवा चौथ्या मजल्याची बाल्कनी एवढीच जागा असेल तर छोटे, घरात उडणारे मॉडेल बरे. मोठे हेलिकॉप्टर घरी आले तर पहिल्या दिवशी ते कमरेच्या वर न्यायचे नाही, एवढा एकच नियम मुलासोबत ठरवा. तो पाळला तर दुसऱ्या दिवशी उडवायला हेलिकॉप्टर घरात असेल.