साडेपाच मीटरचं घर जहाजात चढतं तेव्हा

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला समुद्र डोव्हरपाशी सर्वांत अरुंद आहे, सुमारे ३३ किलोमीटर. डोव्हरहून कॅलेला फेरीने जायला दीड तास लागतो. गाडी बरोबर न्यायची तर तिकीट काढताना फेरी कंपनी तिच्याविषयी काही प्रश्न विचारते. साध्या मोटारीचं काम सोपं असतं. मॉडेल निवडलं की झालं. पण एखाद्याने जुनी फियाट डुकाटो मालवाहू व्हॅन घेतली, आत स्वतःच्या हाताने फळ्या ठोकल्या, पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि तिचं फिरतं घर केलं, तर तशी गाडी जगात एकच असते. ती कुठल्या यादीत सापडणार? लांबी किती, उंची किती, गॅस आहे का, गाडी घरगुती की मालाची, याची उत्तरं मालकालाच द्यावी लागतात. वरवर हे प्रश्न कारकुनी वाटतात. प्रत्यक्षात हजारो टनांचं जहाज समुद्रावर सरळ कसं राहतं, याचं शास्त्र त्यांच्यात भरलेलं आहे.

लांबीपासून सुरुवात करू. फेरीच्या पोटात गाड्या एकामागे एक रांगांमध्ये उभ्या राहतात आणि जागेचा हिशेब होतो तो या रांगांच्या एकूण लांबीचा. त्याचं माप लेन-मीटर. जहाज विकताना, बांधताना, भरताना हेच माप चालतं. डोव्हर-कॅले मार्गावरचं 'स्पिरिट ऑफ ब्रिटन' २१३ मीटर लांब आहे आणि त्यात १८० मालट्रक मावतात. अशा जहाजात आपण तिकीट काढतो ते खरं तर रांगेच्या एका तुकड्याचं, जणू काही तासांसाठी भाड्याने घेतलेली जमीनच.

म्हणून कॅम्पर व्हॅन, म्हणजे असं फिरतं घर, बनवणारे लोक सेंटिमीटरवर जीव टाकतात. डुकाटोचं एक लोकप्रिय रूप ५.४१ मीटर लांब आहे, दुसरं ५.९९. सहा मीटरच्या आत राहायचं हे गाडी आखणाऱ्यांनीच ठरवलेलं दिसतं, कारण युरोपात पार्किंगपासून फेरीपर्यंत कितीतरी ठिकाणी सहा मीटर ही दरांची सीमारेषा असते. मागे सायकलींचं स्टँड लावलं की ती ओलांडली जाते. आणि पलंग? डुकाटोच्या बाजू जवळजवळ उभ्या सरळ असल्यामुळे मध्यम उंचीचा माणूस तिच्यात आडवा, म्हणजे गाडीच्या रुंदीत झोपू शकतो. पलंग लांबीत टाकला तर दोन मीटर खर्च होतात. आडवा टाकला तर पाऊण-एक मीटर सहज वाचतो. माणूस कुठल्या दिशेला पाय करून झोपतो यावर जहाजाचं भाडं ठरू शकतं, ही गोष्ट मला अतिशय सुंदर वाटते.

उंचीचं कारण याहून खोल आहे. मोठ्या फेरीत गाड्यांचे मजले दोन प्रकारचे असतात: ट्रकसाठी उंच छताचे आणि मोटारींसाठी बुटके. वजन जितकं वर चढतं, तितका जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेलं जहाज पुन्हा सरळ करणारा जोर कमी होतो. म्हणून जड ते खाली ठेवायचं आणि मोटारी वरच्या मजल्यांवर चढवायच्या, अशी साधारण रीत आहे. आपली डुकाटो अडीच मीटर उंच. वजनाने ती ट्रकपुढे काहीच नाही, पण बुटक्या मजल्यावर शिरूच शकत नाही. तिला ट्रकांच्या रांगेत जागा द्यावी लागते, आणि ती जागा कमी आणि मोलाची असते. छतावर नंतर बसवलेला पंखा, सोलर पॅनेल, सामानाची पेटी हे सगळं उंचीत धरायचं. गाडीच्या माहितीपुस्तकातला आकडा कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या व्हॅनचा असतो.

गाड्या अशा सरळ चालवत आत न्यायची कल्पना आगगाडीकडून आली. १८५० मध्ये स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थ खाडीवर 'लेव्हायथन' नावाची बोट सुरू झाली. रुळांवरचे मालडबे तिच्यात ढकलत नेत आणि पलीकडे बाहेर काढत. मोटारींना मात्र पुढेही बरीच वर्षं क्रेनला लटकून प्रवास करावा लागला. १९२८ मध्ये कॅप्टन टाउनसेंड यांनी डोव्हर-कॅले मार्गावर खास मोटारींसाठी एक कोळशाचं जहाज भाड्याने घेतलं. त्यात १५ मोटारी मावत आणि प्रत्येक क्रेनने उचलून ठेवावी लागे. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी जहाजं आली. १९४६ मध्ये त्यांतलीच काही नागरी फेरीसाठी वापरली जाऊ लागली आणि गाडी सरळ चालवत आत न्यायची, चालवतच बाहेर काढायची हा प्रकार रुळला. दाभोळ-धोपावेच्या जंगलजेटीत किंवा भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो फेरीत ज्यांनी गाडी घातली आहे, त्यांनी हीच युक्ती वापरली आहे.

या युक्तीची किंमत फार मोठी आहे. गाड्या सलग चालवत न्यायच्या, तर मजल्यावर आडव्या भिंती चालत नाहीत. एरवी जहाजाच्या पोटात पाणी शिरलं तर भिंती त्याला एका कप्प्यात अडवतात. इथे अडवायला काहीच नसतं. पाण्याने भरलेली परात घेऊन चालून पाहा: जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. जहाजात हा परिणाम मोकळ्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. रुंदी दुप्पट झाली तर धोका आठपट. म्हणून वीस-पंचवीस मीटर रुंद, सलग मजल्यावर गुडघाभर पाणीसुद्धा जहाज उलथवू शकतं.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' नाकाकडचे दरवाजे उघडे ठेवूनच समुद्रात शिरली. ती बांधली होती डोव्हर-कॅलेसाठी. झेब्रुगाचा रॅम्प तिच्या वरच्या मजल्याला जुळत नसल्याने टाक्यांत पाणी भरून नाक खाली झुकवावं लागत असे, आणि त्या दिवशीही ते झुकलेलंच होतं. वेग वाढला, लाट आत आली आणि बंदर सोडल्यावर काही मिनिटांत जहाज आडवं झालं. १९३ माणसं गेली. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया'च्या नाकाचं झाकण लाटांनी तुटलं आणि ८५२ जणांचा जीव गेला. त्यानंतर उत्तर युरोपातल्या देशांनी नियम केला, की गाड्यांच्या मजल्यावर ५० सेंटिमीटरपर्यंत पाणी साचलं तरी जहाज तगलं पाहिजे. आज त्या मार्गांवर निर्धास्त बसणारा प्रत्येक प्रवासी या माणसांचा ऋणी आहे.

आता गॅस. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, ब्युटेन दुप्पट. गळला तर तो खाली साचतो. म्हणून जाणकार माणूस कॅम्परमध्ये सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोक ठेवतो. रस्त्यावर गळती झाली तर गॅस खाली पडून वाऱ्याबरोबर जातो. जहाजात मात्र त्या भोकाखाली पोलादी मजला असतो आणि शेजारी शेकडो गाड्या. हवेत दोन टक्के प्रोपेन मिसळला की ठिणगी पुरते. त्यामुळे सिलिंडरचा नॉब बंद, गॅसवर चालणारा फ्रिज बंद, आणि प्रवासात कुणी गाडीत थांबायचं नाही. बंद मजल्यांवरची हवा तासाला किमान दहा वेळा बदलत राहतील असे पंखे प्रवासी जहाजांवर सक्तीचे आहेत. इटलीतल्या अँकोनाहून ग्रीसच्या पात्रासला जाणाऱ्या काही फेऱ्या उन्हाळ्यात कॅम्परवाल्यांना आपल्याच गाडीत झोपू देतात, कारण तिथे त्यासाठी उघड्या बाजूंचा, वारा खेळणारा मजला असतो आणि विजेची जोडणी मिळते. गॅस पेटवायला तिथेही बंदी. आपल्याच पलंगावर पडून एड्रियाटिक समुद्र ओलांडायचा, याहून मोठी चैन मला सुचत नाही.

राहिला घरगुती की मालाची हा प्रश्न. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यापासून मालाला जकातीची कागदपत्रं लागतात, त्यामुळे माल नेणाऱ्या व्हॅनचं आरक्षण वेगळं होतं. तिथल्या वाहन-नोंदणी खात्याला नोंदीत 'मोटर कॅराव्हॅन' लिहायला आतली शेगडी-पलंग पुरत नाहीत. बाजूच्या खिडक्या, कनात अडकवायची पट्टी, उंच छत अशा बाहेरून दिसणाऱ्या खुणाही हव्या असतात. त्या नसतील तर कागदावर ती व्हॅनच राहते.

अशी गाडी घेऊन निघणार असाल, तर माहितीपुस्तकावर विसंबू नका. सायकली, पेटी, पंखा सगळं जागेवर ठेवून टेपने लांबी-उंची स्वतः मोजा आणि खरे आकडे द्या. नोंदणीत गाडी व्हॅन असेल तर आरक्षणाआधी कंपनीला लिहून विचारा, आणि आतल्या पलंग-शेगडीचे फोटो बरोबर ठेवा.