स्वस्त भाडे आणि नदीचा हिशेब

कापडाच्या धंद्यात मालाचे भाडे हा रोजचाच प्रश्न आहे. डिझेल महागले की आमच्या नफ्याला कात्री लागते. त्यामुळे नदीतून माल स्वस्तात जातो, असे कोणी सांगितले की आम्ही व्यापारी लगेच कान देतो.

भागलपूरच्या टसरचा व्यवहार आम्ही बरीच वर्षे करीत आहोत. तेथील चंपानगर, नाथनगर भागांत विणकरांचे माग चालतात आणि शहराला लागूनच गंगा वाहते. हल्दिया ते अलाहाबाद (आताचे प्रयागराज) हा १,६२० किलोमीटरचा मार्ग १९८६ साली राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ ठरला. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोलकात्याहून १६ कंटेनर जहाजाने वाराणसीला पोहोचले. सरकारच्या जुन्या हिशेबाप्रमाणे एक टन माल एक किलोमीटर नेण्यास रस्त्याने सुमारे अडीच रुपये लागतात, पाण्यातून एक रुपयाच्या आसपास. टसरचे हलके गठ्ठे ट्रकनेच जातील. पण कोळसा, खडी, सिमेंट यांसारख्या जड मालासाठी हा फरक मोठा आहे.

मात्र याच मार्गावर सुलतानगंज ते कहलगाव हा सुमारे ६० किलोमीटरचा पट्टा १९९१ पासून डॉल्फिनचे अभयारण्य आहे. डॉल्फिनला तिकडचे लोक सोंस म्हणतात. हा प्राणी जवळजवळ आंधळा असतो. आवाज सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट व मासळी शोधायची, ही त्याची रीत. इंजिनाच्या गोंगाटात त्याला हे काम जड जाते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की त्रास आणखी वाढतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. शिवाय जहाजाला खोली हवी म्हणून गाळ उपसतात, तेव्हा मासळीचा आसराही हलतो.

यात प्रश्न फक्त सोंसचा नाही. १९८२ साली कहलगावहून सुरू झालेल्या गंगा मुक्ती आंदोलनाने कोळी बांधवांनी पाण्यावरची जमीनदारी मोडून काढली. आधीच १९७५ च्या फराक्का धरणानंतर हिल्सा मासळी वर येणे जवळजवळ थांबले. हक्क मिळाला आणि मासळीच गेली, तर त्या हक्काचे करायचे काय?

जहाजे बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ट्रकचा धूरही कोणाच्या तरी छातीत जातोच. पण नदी कापून जहाजाच्या मापाची करण्यापेक्षा जहाज नदीच्या मापाचे असावे. कमी पाण्यावर चालणारी जहाजे वापरावीत, अभयारण्यात वेग कमी ठेवावा, उन्हाळ्यात फेऱ्या मोजक्याच कराव्यात आणि मासळीच्या विणीच्या दिवसांत उपसा थांबवावा. याने भाडे थोडे वाढेल, तर वाढू द्यावे.

मागवाला आणि कोळी एकाच नदीकाठी राहतात. एकाची बचत दुसऱ्याच्या ताटातून होत असेल, तर आम्ही तिला नफा म्हणणार नाही. व्यापारी बंधूंनी भाड्याचा दर विचारताना एवढेही विचारावे.