परीक्षाप्रश्नांचे प्रकार
अध्ययनाचे फळ विद्यार्थ्याच्या ठायी किती व कोणत्या स्वरूपात उतरले आहे, हे अजमावण्यासाठी विचारावयाच्या प्रश्नांचे उत्तराच्या स्वरूपानुसार केलेले वर्गीकरण. निबंधवजा, लघूत्तरी व वस्तुनिष्ठ असे त्यांचे तीन मुख्य वर्ग मानतात.

पूर्वी शालेय परीक्षा बहुधा तोंडी असे. अमेरिकेतील बॉस्टन येथे १८४५ मध्ये सर्व विद्यार्थ्यांना तेच छापील प्रश्न देऊन लेखी उत्तरे घेण्यात आली, ती या क्षेत्रातील महत्त्वाची घटना होय. भारतात १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. परीक्षा घेणे हेच त्यांचे आरंभीचे प्रमुख कार्य असल्याने दीर्घ लेखी उत्तरांची परंपरा येथे दृढ झाली.

निबंधवजा प्रश्नात विद्यार्थ्याला विचारांची मांडणी, युक्तिवाद आणि भाषा यांना वाव मिळतो. अन्य कोणत्याही प्रकारात तो इतका मिळत नाही. याचा मोठा दोष गुणदानातील आत्मनिष्ठता हा होय. डॅनिएल स्टार्च व एडवर्ड एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा गुणांत मोठी तफावत आढळली. हा भाषाविषयाचा दोष असावा, असा आक्षेप आला म्हणून त्यांनी पुढील वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिला शंभरपैकी ३० हून कमी गुण देणारे शिक्षक निघाले, तसेच ९० हून अधिक देणारेही निघाले. काहींनी केवळ उत्तर पाहिले होते, तर काहींनी रीत, टापटीप व शुद्धलेखन यांचेही गुण धरले होते. उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण हा निर्णय उत्तरपत्रिका कोणाच्या हाती पडते यावर अवलंबून राहावा, ही गोष्ट परीक्षार्थीच्या दृष्टीने गंभीर आहे. अपेक्षित मुद्दे व त्यांचे गुण आधी ठरवून दिल्यास आणि एका प्रश्नाची सर्व उत्तरे सलग तपासल्यास ही तफावत बरीच कमी होते.

वस्तुनिष्ठ प्रश्नांचा प्रसार या टीकेनंतर झाला. रिकाम्या जागा भरणे, चूक की बरोबर ते सांगणे, जोड्या लावणे व बहुपर्यायी प्रश्न हे त्यांचे प्रकार सर्वपरिचित आहेत. बहुपर्यायी प्रश्नाचा कस त्याच्या चुकीच्या पर्यायांत असतो. उदा., मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचे वर्ष विचारून १६३०, १८५७, १९४७ व १९६० असे पर्याय दिल्यास काहीही न वाचलेला विद्यार्थीही उत्तर ओळखील. त्याऐवजी १८५४, १८५७, १८८२ व १९०४ असे पर्याय दिल्यास वुडचा खलिता, हंटर आयोग आणि विद्यापीठांचा कायदा यांच्याशी होणारी गल्लत उघड होते. अर्थात एवढे करूनही हा प्रश्न स्मरणाचाच राहतो.

अंदाजाने उत्तर बरोबर येणे, हा या प्रकाराचा अंगभूत दोष आहे. चार पर्यायांचे शंभर प्रश्न डोळे मिटून सोडविले, तरी सरासरीने २५ बरोबर येतात. हा लाभ नाहीसा करावयाचा, तर प्रत्येक चुकीमागे एका प्रश्नाच्या गुणांचा एक-तृतीयांश वजा करावा लागतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीस १ गुण वजा होतो. ही वजावट एक-चतुर्थांश असल्याने अंदाजाला थोडा लाभ उरतोच. महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेत वजावट नाही. तेथे प्रश्न कोरा सोडण्यात काहीच हित नसते.

लघूत्तरी प्रश्न दोन्ही टोकांच्या मधला. ‘कारणे द्या’, ‘टीपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ ही त्याची रूपे होत.

प्रश्नाचा प्रकार आणि त्याची बौद्धिक पातळी या वेगळ्या गोष्टी आहेत. बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन अशी बोधात्मक उद्दिष्टांची उतरंड मांडली. तिच्या आधारे घटक, उद्दिष्टे व प्रश्नप्रकार यांना द्यावयाचा भार दाखविणारा संविधान तक्ता तयार करून मग प्रश्नपत्रिका काढण्याची रीत भारतात रूढ झाली. तथापि निबंधवजा प्रश्नही पाठ केलेल्या उत्तराने सुटू शकतो, आणि नेमका बेतलेला बहुपर्यायी प्रश्न उपयोजनापर्यंत पोहोचू शकतो.

प्रयोग, वाचन, संभाषण यांतील कौशल्ये लेखी प्रश्नांच्या कक्षेत येत नाहीत. त्यांसाठी प्रात्यक्षिक, तोंडी काम, प्रकल्प व निरीक्षण ही साधने वापरावी लागतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक स्तरावर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले. त्यानुसार महाराष्ट्रात वर्षभर चालणारे आकारिक आणि सत्राअखेरचे संकलित अशी मूल्यमापनाची दोन अंगे ठरविण्यात आली. २०१९ मधील केंद्रीय दुरुस्तीने राज्यांना मुभा दिल्यावर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तीत अनुत्तीर्ण होणाऱ्यांसाठी पुनर्परीक्षेची तरतूद आहे.