गल्ली हेंच क्रीडांगण

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर एकामागून एक लागतात. तिन्हींचीं कुळें निराळीं आहेत. अंबरनाथची ओळख शिलाहारांच्या काळांतील शिवालयानें होते. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा आहे. उल्हासनगर हें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं, सिंधमधून परागंदा होऊन आलेल्या कुटुंबांसाठीं वसलें; त्याची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें बसली. बदलापूर हें उल्हास नदीकांठचें जुनें गांव. मुंबईंत पोटासाठीं जाणाऱ्या माणसांना तेथें घर घेणें परवडूं लागलें आणि पाहतां पाहतां त्याचें शहर झालें. जन्म असे निरनिराळे. पण तेथील मुलांना संध्याकाळीं पडणारा प्रश्न मात्र एकच आहे. दप्तर ठेवलें, दूध प्यालें, आतां खेळायचें कोठें?

२०११ च्या खानेसुमारींत उल्हासनगर महापालिकेच्या हद्दींत ५,०६,०९८ माणसें मोजलीं गेलीं आणि त्या हद्दीचें क्षेत्रफळ आहे सुमारें १३ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरांत जवळजवळ ३९ हजार माणसें झालीं. त्याच वेळीं अंबरनाथची वस्ती अडीच लाखांवर गेली होती व बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरांत होती. त्यानंतर इमारती वाढतच गेल्या आहेत. मैदानें मुळींच नाहींत असें नव्हे. उल्हासनगरांत गोल मैदान आहे, इतर कांहीं जागा आहेत. परंतु सहा वर्षांच्या मुलाला मैदानापर्यंत पोंचण्यासाठीं जो रस्ता ओलांडावा लागतो तोच त्याच्या खेळाच्या आड येतो. त्याला पोंचवावयाला घरांतील मोठें माणूस हवें आणि तें माणूस त्या वेळीं लोकलच्या गर्दींत उभें असतें. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करतांना १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. त्याहून लहान भूखंडावरील इमारतींना सामान्यतः ती सक्ति नाहीं. आणि जुन्या वस्त्यांतील किती इमारती एवढ्या ऐसपैस जागेवर उभ्या आहेत?

खरें पाहतां मुलांच्या खेळाला फार मोठी जागा कधींच लागत नव्हती. लगोरीला सात चपटे दगड व एक चेंडू पुरे. लंगडीला खडूनें आंखलेली चौकट पुरे, विटीदांडूला एक लहानसा खळगा आणि डबा ऐसपैसला घरांतील रिकामा डबा. आट्यापाट्यांना थोडी लांबी लागते, पण गल्लीला लांबीच असते. क्रिकेटसारखा विलायती खेळहि गल्लीनें आपल्या मापाचा करून घेतला. चेंडू पहिल्या मजल्याच्या गॅलरींत गेला तर फलंदाज बाद, आणि तो मागून आणावयाचा त्यानेंच; एका टप्प्यावर झेलला तरी बाद; भिंतीला लागला तर दोनच धावा. हे नियम कोणत्याहि पुस्तकांत नाहींत. ते मुलांनीं भांडून, समेट करून ठरविले आणि दुसऱ्या गल्लींत गेल्यावर तेथील निराळे नियम मुकाट्यानें मानले. नागरिकशास्त्राच्या तासाला जें शिकवून शिकवून येत नाहीं तें येथें आपोआप येतें.

आणखी एक गोष्ट गल्लीच्याच खेळांत असते. मोठ्या भावाच्या मागें लागून आलेल्या चार वर्षांच्या पोराला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळांत घेतात. तो बाद होत नाहीं, त्याच्यावर राज्य येत नाहीं. पण तो खेळांत असतो, आणि पाहतां पाहतां एके दिवशीं पक्का होतो. शुल्क भरून चालणाऱ्या शिकवणीच्या मैदानावर कच्च्या लिंबाला जागा नसते. तेथें वय पाहून तुकड्या पाडतात, शिट्टी मोठ्या माणसाच्या तोंडांत असते. अशा शिकवणीनें खेळाडू तयार होत असतील. त्याला खेळणें म्हणावें कीं नाहीं हा प्रश्नच आहे.

याच पूर्वीच्या ठाणें जिल्ह्यांत, बोर्डी येथें, ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनेंच मुलाच्या अंगणांत जावें हा त्यांचा विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतूनच रूढ झाला. अंगण म्हणजे उंबऱ्याबाहेरची, पण आईच्या हांकेच्या आंतली जागा. शहरांतील चाळीला व छावणींतील बराकींना असें अंगण होतें, तें म्हणजे समोरचा रस्ता. त्यावर मोटार आली आणि अंगण गेलें. असा कांहीं ठराव कोणत्याहि सभेनें केला नव्हता. एक मोटार आली तेव्हां मुलें बाजूला झालीं, दहा आल्या तेव्हां आयांनीं मुलांना घरांत बोलावलें, आणि मुलें दिसेनाशीं झाल्यावर गाड्या आणखी वेगानें जाऊं लागल्या. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. हे आंकडे सरकारचे आहेत. ज्या घरांत हे वाचले जातात तेथें मुलाला कडी लावून घरांत ठेवलें तर त्या आईला दोष देतां येणार नाहीं.

घरांत ठेवल्याची किंमतहि कांहीं थोडी नाहीं. चीनमधील ग्वांगझौ शहरांत प्राथमिक शाळांतील मुलांना रोज ४० मिनिटें अधिक बाहेर काढण्याचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर नेहमींच्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लांबचें अंधुक दिसूं लागलें होतें, तर बाहेर खेळलेल्या मुलांत हें प्रमाण ३०.४ टक्के होतें. औषध नाहीं, यंत्र नाहीं. नुसता दिवसाचा उजेड. वस्तींतील मोठ्या माणसांनाहि याची झळ लागते. डोनाल्ड ॲपलयार्ड या प्राध्यापकांनीं सॅनफ्रान्सिस्कोंतील शेजारशेजारच्या तीन रस्त्यांची पाहणी केली. जेथून दिवसाला दोन हजार वाहनें जात तेथील रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जेथून सोळा हजार जात तेथें एकहि पुरता नव्हता, ०.९ होता. याच ॲपलयार्डांना १९८२ सालीं अथेन्समध्यें मोटारीखालीं मृत्यु यावा हा दैवदुर्विलास होय.

रस्ता कांहीं वेळ मुलांना द्यावा ही कल्पना नवी नाहीं. न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त आर्थर वुड्स यांनीं १९१४ सालीं दाट वस्तींतील कांहीं रस्ते मुलांसाठीं बंद करविले. इंग्लंडांत एकेकाळीं रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना न्यायालयांत उभें करून दंड करीत. तेथेंच १९३८ सालीं रस्त्यांवरील क्रीडांगणांचा कायदा झाला आणि पुढें असे सातशेंच्या आसपास रस्ते राखले गेले. ते मागाहून ओस कां पडले हें समजून घेण्यासारखें आहे. कायदा रद्द झाला म्हणून नव्हे, तर दाराशीं उभ्या केलेल्या मोटारी वाढल्या म्हणून. चालती गाडी निघून जाते, उभी गाडी हलत नाहीं. हॉलंडांत १९७१ सालीं सुमारें ३,३०० माणसें रस्त्यांवर मेलीं, त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. पालक रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशी चळवळ उभी राहिली आणि १९७६ सालीं राहत्या वस्तींतील रस्त्यावर मोटारीनें पायीं चालणाऱ्याच्या गतीनेंच जावें असा कायदा झाला. ब्रिस्टल शहरांत २००९ सालीं शेजारणी असलेल्या दोन आयांनीं शाळा सुटल्यावर आपली गल्ली दोन-तीन तास बंद करून पाहिली. ती पद्धति आज इंग्लंडभर पसरली आहे.

आपल्याकडे मुंबईंत वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर नोव्हेंबर २०१४ मध्यें रविवारीं सकाळीं वाहनें थांबवून रस्ता लोकांना खुला करण्यांत आला. मार्च २०२२ मध्यें मुंबई पोलिसांनीं मरीन ड्राइव्हसह अनेक ठिकाणीं तसाच उपक्रम चालविला. त्यांत सायकली होत्या, दोरीवरच्या उड्या होत्या, योगासनें होतीं. फार चांगली गोष्ट झाली. पण ती जत्रा होती. जत्रेला नटून, वेळ काढून जावें लागतें. गल्लीचा खेळ ही रोजची भाकर आहे. बदलापूरच्या मुलाला हवा आहे तो मरीन ड्राइव्ह नव्हे, तर आपल्या जिन्याच्या पायथ्याचा साठ पावलांचा तुकडा.

याला कायद्याची आडकाठी आहे काय? नाहीं. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ अन्वयें राज्य सरकार किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी लोकांच्या सुरक्षिततेसाठीं वा सोयीसाठीं एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करूं शकतो. ही मनाई एक महिन्याहून अधिक काळाची नसेल तर राजपत्रांतील अधिसूचनेचीहि गरज नाहीं. स्थानिक प्रसिद्धि पुरते. हीं तिन्ही शहरें ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयांत येतात आणि गणेशोत्सवांत याच कलमाच्या आधारें वाहतूक वळविल्याचे आदेश तेथें निघत असतात. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळाकडे जाणारे रस्ते वळविले जातात. लग्नाचा मांडव तर कित्येकदां आदेशाचीहि वाट पाहत नाहीं. देवासाठीं, वऱ्हाडासाठीं व पुढाऱ्याच्या सभेसाठीं जो रस्ता थांबतो तो आठवड्यांतून दोन तास मुलांसाठीं थांबला तर कोणाचें काम अडेल असें वाटत नाहीं. मुलाचा खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमांत नमूद आहे व भारतानें ती संहिता १९९२ सालीं मान्य केली आहे.

मात्र प्रत्येक गल्ली या कामाची नव्हे. उल्हासनगरांत घर, कारखाना व दुकान एकाच भिंतीआड असतें. कपड्यांच्या व लाकडी सामानाच्या गल्ल्यांत दिवसभर टेम्पो भरतात, उतरतात. तेथें कामाच्या दिवशीं रस्ता अडविणें म्हणजे हातावर पोट असलेल्या माणसाची मजुरी अडविणें. अशा गल्लीनें बाजार बंद असण्याचा दिवस धरावा. ज्या रस्त्यानें बस जाते, जो स्टेशनला जाणारा जवळचा मार्ग आहे किंवा ज्यावर इस्पितळ आहे तो सोडून द्यावा. आंतला, एका टोकाला बंद असलेला वा दोन मोठ्या रस्त्यांमधील दुवा नसलेला रस्ता निवडावा. असे रस्ते अंबरनाथ व बदलापूरच्या रहिवासी भागांत पुष्कळ सांपडतात.

आक्षेप घेणारेहि घरचेच असतात. म्हाताऱ्यांना गलका सोसत नाहीं, खिडकीची कांच फुटते, परीक्षा जवळ आलेली असते. या तक्रारी खोट्या नाहींत, म्हणून वेळ ठरलेली असावी. पांच ते सात म्हणजे पांच ते सात. सातनंतर चेंडू घरांत. गल्लींत राहणाऱ्याची गाडी, रुग्णवाहिका, अग्निशामक बंब व पाण्याचा टँकर यांना केव्हांहि वाट मिळाली पाहिजे. पण ती पायीं चालणाऱ्याच्या गतीनें, पुढें एक माणूस चालत जाऊन. मनाई आहे ती नुसत्या ये-जा करणाऱ्या परक्या वाहनाला. दुचाक्या आधींच एका बाजूस लावून घ्याव्या लागतील, आणि बहुधा सर्वांत मोठें भांडण याच गोष्टीवरून होईल. इंग्लंडांतील अनुभव येथें विसरूं नये.

मुलींचा विचार तर सर्वांआधीं व्हावयास हवा. जागा आखडूं लागली कीं मैदानांतून प्रथम नाहींशी होते ती मुलगी. मोठीं मुलें क्रिकेटसाठीं सगळें मैदान व्यापतात, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीला तेवढ्या लांब एकटीला कोणी पाठवीत नाहीं. दारापुढच्या रस्त्यावर, आजी ओट्यावर बसलेली असतां, तीच मुलगी लंगडी खेळावयास उतरते. म्हणून राखलेल्या वेळांपैकीं निम्मा वेळ तरी चेंडूफळीवांचून असावा असा नियम गल्लीनेंच करावा.

प्रारंभ पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरांत करणें बरें. वार्षिक परीक्षांपूर्वीं तीन-चार महिने हातीं लागतात. रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज वाहतूक पोलिसांकडे व त्याची प्रत महापालिकेला किंवा नगरपरिषदेला द्यावी. अर्जांत रस्त्याचा नेमका भाग, वार व वेळ लिहावी आणि पहिली परवानगी एक महिन्याचीच मागावी. दोन्ही टोकांना एकेक फलक, एकेक दोर आणि दोर धरावयाला त्या गल्लींतीलच दोन जाणतीं माणसें उभीं राहावींत. तीं घरोघरीं पाळीपाळीनें ठरवावींत, एकाच उत्साही माणसावर सोंपवूं नये. तो तिसऱ्या आठवड्याला थकतो.